खुर्चीच्या पाठीवरचा हात

तुमची खुर्ची मी अजून रोज चार्जिंगला लावते. तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावला की ओसरीवर येते, तिची वायर भिंतीतल्या प्लगात खोचते, आणि तांबडा दिवा लागला की बरं वाटतं. सकाळी तो हिरवा झालेला असतो. कुठंही न गेलेल्या खुर्चीला रोज कसली आली भूक, असं आपला शिवा फोनवर म्हणाला. मी म्हटलं, माणूसही काही काम न करता दोन वेळा जेवतंच की.

तुम्ही गेल्यानंतरची शिवगणाराधना झाली, पंगती उठल्या. मंडपवाला सतरंज्या गुंडाळून घेऊन गेला, पाहुणे आपापल्या गावी पांगले, आणि घरात मी आणि ही खुर्ची एवढंच उरलं. चांदी गायसुद्धा शिवानं तुमच्या धाकट्या भावाकडं नेऊन बांधली, मला धार काढायला बसवत नाही म्हणून. भेटायला येणाऱ्या बाया ओसरीवर टेकतात, डोळ्याला पदर लावतात आणि म्हणतात, अप्पा म्हणजे देवमाणूस. मी मान हलवते. मनात म्हणते, बाई, तुला काय ठाऊक. देवमाणसाशी कुणी जन्मभर भांडतं का? तुम्ही हट्टी होतात, तोंडाळ होतात, चहात साखर कमी पडली तर कप तसाच परत पाठवत होतात. आणि आपलं शेवटचं भांडण मिटायच्या आत निघून गेलात, हे मला मुळीच पटलेलं नाही. म्हणून आज ते भांडण पुरं करायला बसले आहे. मध्ये बोलू नका.

गंजीवरून पडलात त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. कडबा रचायला गडी होते, तरी तुम्हालाच वर चढायचं होतं, एवढंच म्हणते. कंबरेखालचं सगळं गेलं. पुढची काही वर्षं हातानं ढकलायच्या खुर्चीत काढलीत, आणि त्या वर्षांत तुम्ही किती कमी बोलत होतात हे मला नंतर, ही बॅटरीची खुर्ची आल्यावर कळलं. पार उदगीर-निलंग्याकडून लोक तुम्हाला जनावर दाखवायला न्यायचे. देवणी वळूचं तोंड, शिंगं, वशिंड बघून तुम्ही त्याच्या आईचं दूध किती असेल ते सांगायचात. त्या माणसाला अंगणातून ओसरीवर यायचं तर 'जरा ढकल' म्हणावं लागायचं. तुम्ही म्हणायचा नाहीत. मी ओळखून ढकलायची. माझ्या ध्यानात आलं नाही तर उन्हात तसेच बसून राहायचात.

मग शिवानं ही खुर्ची घेतली. त्याची नोकरी नांदेडला, पण खुर्ची लातूरच्या दुकानातून टेम्पोत बसून आली. सोबत आलेला माणूस अंगणात उभा राहून समजावून सांगत होता. उजव्या हाताशी एक डबी, डबीवर चालू-बंदचं बटण, वेगाचं एक फिरकं, त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र आणि दुसऱ्या टोकाला सशाचं. आणि मधोमध बोटभर उंचीची दांडी. दांडी पुढं केली की पुढं, मागं केली की मागं, ज्या अंगाला कलवाल त्या अंगाला वळते. हात सोडला की दांडी आपोआप मधे येते आणि खुर्ची जागच्या जागी थांबते.

"सोडल्यावर थांबतंय?" तुम्ही विचारलंत.

"हाव. भीती वाटली की हात सोडायचा. आवळून धरायचं न्हाई."

तुम्ही माझ्याकडं बघून ओठांतल्या ओठांत हसलात. "ऐकलंस का? कासरा सोडला की बैल उधळतंय, आन् हे म्हणतंय थांबतंय."

तेव्हापासून घरात त्या दांडीला कासराच म्हणायला लागलो. पण हसण्यावारी नेलेली ती गोष्टच तुमच्या मुळावर आली. पहिल्याच दिवशी खुर्ची अंगणातून सरळ चांदीच्या दावणीकडं निघाली. चांदीनं मान वर केली, शिंगं हलवली. तुम्ही बिचकलात, आणि जन्मभर जे केलंत तेच केलंत. होऽ होऽ करत कासरा पोटाशी ओढलात. खुर्ची थांबली तर नाहीच, उलट मागं सुटली. तुम्ही आणखी जोरात ओढलात, ती आणखी जोरात मागं आली. नहाणीपुढच्या रांजणाला धडक बसली, रांजण फुटला, आणि साऱ्या पाण्यात तुम्ही 'होऽ होऽ' म्हणत बसलेले. मी इतकी हसले की मला उंबऱ्यावर बसावं लागलं. असली चूक फक्त आपल्याकडचाच माणूस करू जाणे.

तुम्ही हसला नाहीत. संध्याकाळी जेवताना हाताकडं बघत म्हणालात, "माझा हात माझंच ऐकत न्हाई. मी सांगून राहिलो सोड म्हून, आन् त्यो वढून राहिलाय."

"होईल सवय," मी म्हटलं.

"आपोआप न्हाई व्हायची. गोऱ्ह्याला शिकवतो तसं शिकवावं लागंल."

"कुणाला?"

"हाताला."

आणि मग तो खेळ सुरू झाला. मी बेसावध क्षण बघून 'थांबा!' म्हणून ओरडायचं आणि तुम्ही जे हातात असेल ते सोडून हात वर उचलायचा. माझी सारी हयात अंगणवाडीतल्या पोरांना 'थांबा' म्हणण्यात गेलेली, त्यामुळं आवाजाला कमी नव्हती. तूर निवडता निवडता ओरडायची. तव्यावर भाकरी टाकून ओरडायची. तुमचा हात वर. हुरडा खात होतात तेव्हा ओरडले, तर हुरडा सगळा अंगणात आणि हात वर. एकदा स्वामी भिक्षेला आले होते. पुढं पाणी सांडलेलं, घसरतील म्हणून मी त्यांना 'थांबा' म्हटलं, तर ओसरीवरून तुमचा हात वर. स्वामींना वाटलं तुम्ही त्यांनाच आशीर्वाद देताय. त्या दिवशी मात्र तुम्ही हसलात. अपघातानंतर तुमचे दात मी पहिल्यांदा तेव्हा बघितले.

हळूहळू हाताला कळलं. मग तुम्ही त्या खुर्चीत असे हिंडू लागलात की बघत राहावं. पण नियमांना कडक. बसण्याआधी बटण बंद, उतरण्याआधी बटण बंद, कंबरेचा पट्टा लावल्याशिवाय चालू करायची नाही. उताराला आडवं जायचं नाही, नाकासमोर जायचं, आणि उतारावर वळायचं तर नावच नको. पाऊस भुरभुरला की दुधाची प्लास्टिकची पिशवी डबीवर बांधायचात. तुम्हाला ताट द्यायला मी वाकले आणि पदर दांडीत अडकून खुर्ची माझ्या पायावर आली, त्या दिवशी तर तुम्ही मला अंगणवाडीतल्या पोरासारखं उभं करून सुनावलंत. "कुणी जवळ आलं की आदी बटण बंद. जनावराजवळ जाताना पण आपण आवाज देतो का न्हाई?" पायाचं बोट सुजलं माझं, आणि बोलणीही मीच खाल्ली.

आता मुद्द्याचं.

खुर्चीच्या पाठीला मागं आडवी दांडी आहे, ढकलायला. बॅटरीची खुर्ची ढकलायची नसते हे मला कळत होतं. तरी आपण बाहेर निघालो की माझा हात त्या दांडीवर असायचा. ढकलत नव्हते, ओढत नव्हते, नुसता ठेवलेला. तुम्हाला मागं डोळे नव्हते, पण बोटं टेकली की कळायचं.

"हात काढ."

"ठेवला कुठं मी?"

"तुझा हात हाय. मागं वजन पडतंय. मी सरळ नेऊन राहिलो, ती वाकडी जाऊन राहिली."

"रस्ताच वाकडा हाय."

"महानंदे, हात काढ."

मी काढायची. दहा पावलांवर पुन्हा ठेवायची. गल्लीत, बाजारात, शेताच्या रस्त्याला, कुठंही आपलं हेच. शेताच्या वाटेवर ओढ्याचा पूल आहे आणि पुलाकडं जाताना मुरमाचा उतार, तिथं तर मी हात घट्ट धरायची. तुम्ही चिडायचात. खडे खाली घरंगळायचे, आणि मला आपलं दिसायचं की आता ही खुर्ची खड्यांसारखीच जाईल. एकदा पडलेल्या माणसाला मी पुन्हा पडू देणार नव्हते. ह्यात माझं काय चुकलं, ते आजही मला कळलेलं नाही. मी हात ठेवला याचं मला वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

एक दिवस मी दळण घेऊन आले तर अंगणात खुर्ची नाही, ओसरीवर तुम्ही नाही. दळणाचा डबा तिथंच टाकून मी निघाले. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते, पण त्या दिवशी त्यांनाही धाक बसला असावा. उतार बघितला, पुलाखाली वाकून बघितलं, ओढ्यात बघितलं. शेतात पोचले तर तुम्ही लिंबाखाली. समोर ज्वारी वाऱ्यानं हलत होती आणि तुम्ही तिच्याकडं बघत बसला होतात, जणू कुणी पाहुणा बोलवायला आलाय आणि तुम्हाला घाई नाही.

"काय झालं? आलो न्हवं?" मला बघून म्हणालात.

"सांगून तरी यायचं!"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस."

"मग? आले असते तर काय बिघडलं असतं?"

"मला एकट्याला यायचं व्हतं."

"आन् मी कोण? परकी हाय का?"

तुम्ही पुन्हा ज्वारीकडं बघायला लागलात. घरी येताना मी खुर्चीच्या मागं न चालता पुढं चालले, फणकाऱ्यानं, आणि उतार चढताना मात्र थांबून तुम्हाला पुढं जाऊ दिलं आणि हात ठेवला. त्या एका दिवशी तुम्ही 'काढ' म्हणाला नाहीत. पण उत्तर राहिलं ते राहिलंच. एवढा संसार केलेल्या बाईपासून दूर, एकट्याला, ज्वारीजवळ असं काय हवं होतं? कुणाला विचारू आता?

मग तुम्ही दुसरंच टुमणं लावलंत. माझे गुडघे कामातून गेले. दुकानापर्यंत जायचं तर वाटेत दोनदा टेकावं लागायचं. तुम्ही खुर्चीतून माझ्याकडं बघायचात आणि म्हणायचात, "ह्याच्यात बसाय शिक. माझ्यामागं तुझ्या कामी येईल."

"तोंड सांभाळून बोला."

"खरं बोलून राहिलो."

"आजाऱ्याच्या जागेवर धडधाकट माणसानं बसू नये."

"आजारी कोण हाय? मी तर हिंडून राहिलोय. आजारी तू हायस, घरात बसून."

हे भांडण शेवटचं. तुम्ही पट्टा सोडलात, बटण बंद केलंत, हातांच्या जोरावर सरकून खाटेवर बसलात आणि मोकळ्या खुर्चीवर थाप मारलीत. "बस. आत्ता बस. मी हाय तवर शिक." मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि नसलेली भांडी घासायला लागले. बाहेर आले तेव्हा तुम्ही पुन्हा खुर्चीत होतात आणि तोंड अंगणाकडं होतं. पुढं दोनेक दिवसांत ताप भरला, छातीत कफ झाला, आणि उदगीरच्या दवाखान्यात नेलं.

दवाखान्यातलं मी कुणाला सांगितलेलं नाही. शिवालाही अर्धंच माहीत आहे. दुपारची वेळ होती. तुमचा उजवा हात माझ्या हातात होता आणि तुम्ही माझी बोटं घट्ट धरली होती, कासरा धरावा तशी. शिवा नांदेडहून निघालेला, अजून वाटेत होता. तुमचा श्वास बदलला. मला तो बदल कळला, आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा." ओरडून नाही, हळूच. शिवा येऊन राहिलाय, थांबा. आणि तुमची बोटं सुटली. हात माझ्या हातातून जरासा वर उचलला गेला, ओसरीवर उचलायचात तसाच, आणि चादरीवर पडला. शिवा म्हणतो, अव्वा, शेवटी अंग असंच हलतं, त्यात काही नसतं. असेल. पण त्या हाताला मी शिकवलं होतं. एवढं चांगलं कशाला शिकवलं असं मला आता रोज वाटतं.

आपल्यात माणसाला आडवं नेत नाहीत. तुम्हाला अंघोळ घातली, विभूती लावली, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं आणि फुलांच्या पालखीसारख्या विमानात बसवलं. इतकी वर्षं बसून काढलीत आणि निघालातही बसूनच, फक्त आता खांद्यांच्या उंचीवर. गुलाल-फुलांत चेहरा शांत होता. रांजण फोडलेल्या दिवसासारखा नव्हता, ज्वारीकडं बघत होतात त्या दिवसासारखा होता. टाळ वाजत होते, भजन चाललं होतं, मी मागून चालत होते. ओढ्याच्या उताराला आले आणि गुडघ्यांनी साफ नाही म्हटलं. दोघीतिघींनी मला पुलाच्या कठड्यावर बसवलं. तुम्ही उतार उतरलात, पूल ओलांडलात आणि शेताकडं वळलात. त्या उतारावर माझा हात तुमच्या मागं नसल्याची ती पहिलीच वेळ. मला कुणीतरी घरी आणलं तोवर तुमच्यावर माती ओढून झाली होती. लिंबाखालीच समाधी दिली, असं मला दुसऱ्यांनी सांगितलं.

नंतर शिवानं मला गाडीतून तिथं नेलं. तो एका बाजूला उभा, सूनबाई दुसऱ्या बाजूला, दोघांचे हात माझ्या दंडाला. पाऊल टाकलं की "सावकाश, अव्वा." खाली बसायला गेले की "नको, अव्वा, उठता येणार नाही." वाईट काही नव्हतं त्यात. लेकरं चांगली आहेत. पण मला तुमच्याशी बोलायचं होतं आणि चार हातांत धरलेल्या माणसाला बोलता येत नाही. मी नमस्कार केला आणि परत गाडीत बसले.

गाडीतच शिवानं सांगितलं. येत्या रविवारी तो येणार, खुर्ची टेम्पोत घालून नांदेडला नेणार. तिथं कुणा गरजू माणसाला ती द्यायची ठरली आहे. आणि मलाही न्यायचं. "इथं एकटी काय करून राहशील? साधं दुकानापर्यंत जाता येत न्हाई तुला." खरंच होतं. ज्या बाईला स्वतःच्या पायांनी दारातून निघता येत नाही, ती गावात राहिली काय आणि नांदेडच्या तिसऱ्या मजल्यावर राहिली काय. पण घरी आल्यावर खुर्चीला वायर लावताना मला रडू आलं. ती गेली की मला तुमच्याकडं यायचं तर दर वेळी कुणाच्या तरी हाताला धरूनच यावं लागणार. आणि नांदेडहून तर वर्षात एखादवेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार लोटून घेतलं आणि खुर्चीत बसले.

आधी नुसती बसले. गादीला तुमच्या बसण्याचा खळगा आहे, त्यात मी मावत नाही, डावीकडं कलते. कुणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून पदर डोक्यावर घेतला, आणि मग तो दांडीत अडकेल म्हणून कमरेला खोचला. बटण दाबलं. कासवावर ठेवलं. मी कधी बैल हाकला नाही, त्यामुळं तुमची चूक मी केली नाही. मी माझी केली. माझा हात जन्मभर वरवंट्यावर गेलाय. दांडी हातात आली आणि तो पुढं-मागं, पुढं-मागं करायला लागला. खुर्ची अंगणात दचके खात राहिली, आणि माझे दात एकमेकांवर आपटत राहिले. तुम्ही असतात तर उंबऱ्यावर बसून हसला असतात. तुमची हसायची पाळी होती आणि तुम्ही नव्हतात.

हात सोडायची सवय तर लागेचना. तुम्हाला शिकवायला मी होते. मला 'थांबा' म्हणायला घरात कुणी नाही. मी स्वतःच ओरडून बघितलं, पण आपणच ओरडायचं आणि आपणच दचकायचं, हे कसं जमावं? दचकायला दुसरं माणूस लागतं. एकदा भिंतीवरून मांजर उडी मारून आलं, मी दचकले, आणि हात आपोआप सुटला. खुर्ची थांबली. मी मांजराला दूध दिलं. रोज येतं आता, आणि त्याच्या दचकवण्यानं माझा हातही सुटायला शिकला.

आणि आज सकाळी मी तुमच्याकडं येऊन गेले. लिंबाखाली खुर्ची लावून बसले होते, तुम्हाला दिसले असेनच. बोलायचं पुष्कळ ठरवून आले होते. भांडण पुरं करायचं होतं, दवाखान्यातलं विचारायचं होतं. काहीच बोलले नाही. ज्वारी काढणीला आली आहे, कणसं खाली वाकली आहेत, ती बघत बसले. कुणी 'सावकाश' म्हणत नव्हतं, कुणी दंड धरत नव्हतं, आणि रडताना कुणाकडं बघावं लागत नव्हतं. किती वेळ बसले कोण जाणे. तुम्हाला एकट्याला कशाला यायचं होतं, ते मी आता विचारणार नाही. पण तुम्हाला तासाभरापुरतं हवं होतं ते मला पुरतं मिळालंय, आणि तासाभरानंतर तुम्हाला शोधत येणारी एक बाई होती, एवढं ध्यानात ठेवा.

घरी येऊन शिवाला फोन केला. म्हटलं, रविवारी ये, जेवून जा, पण टेम्पो आणू नको. कुणा गरजूला खुर्ची द्यायची होती न्हवं? दिलीस म्हणून समज. तो मग म्हणाला, "अव्वा, उतारावरून कशी गेलीस तू?"

त्याला मी सांगितलं नाही. उतार तुमच्या लिंबाखालून दिसत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. वरच्या टोकाला येऊन मी थांबले. पट्टा ओढून बघितला. पदर खोचलेला होता, फिरकं कासवावर होतं, तोंड नाकासमोर सरळ पुलाकडं होतं. तुम्ही सांगितलेलं सगळं केलं होतं. खाली मुरूम पसरलेला, पलीकडं पूल, आणि रस्त्याला चिटपाखरू नाही. दांडीवर बोटं ठेवली, पण ती पुढं जाईनात. पाठ उघडी पडल्यासारखी झाली होती. मी मागं वळून बघितलं. खुर्चीच्या पाठीवरची ती आडवी दांडी, माझ्या हातानं घासून गुळगुळीत झालेली, उन्हात मोकळी होती.

मग मी समोर बघितलं आणि मोठ्यानं म्हटलं, "अहो, हात काढू नका." आणि दांडी पुढं केली.